न धुतलेला अर्धा किलो पालक

वहिनीच्या तोंडाशी गेलेला चमचा मी हवेतच धरला, तेव्हा मी विज्ञानाची सेवा करते आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. आईला वाटलं, वाटीत झुरळ पडलं. वहिनीला वाटलं, मला तिचं सूप हवं आहे, आणि तिने भल्या मनाने वाटी माझ्याकडे सरकवलीसुद्धा. बाबांना मात्र लगेच कळलं. फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावर काय चाललंय ते ओळखणारा माणूस तो.

"माझ्या पालकाला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "म्हणजे झालं असेल. म्हणजे, मोजल्याशिवाय सांगता येत नाही."

असं बोलायला मला नोकरीने शिकवलं. अन्न आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. त्या दिवशी माझ्या हाताखालून एका मोठ्या रस्त्याकडेच्या शेतातली पालेभाजी गेली होती आणि तिच्यात शिसं निघालं होतं. थोडंथोडकं नाही, मर्यादेच्या पुष्कळ वर. दिवसभर मी तो आकडा दुसऱ्या कुणाचा तरी समजून शांतपणे नोंदवला. घरी आले, जेवायला बसले, समोर वहिनीची वाटी, वाटीत हिरवंगार सूप, आणि मला एकदम आठवलं की आमचा पालकही रस्त्याकडेचाच आहे.

रस्त्याकडेचा म्हणजे अगदीच. आमच्या इमारतीची कुंपणभिंत आणि चार पदरी रस्ता यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. समोरच सिग्नल. तिथे ट्रक थांबतात, धूर सोडतात आणि विचार करत उभे राहतात. या पट्टीवर बाबांनी निवृत्तीनंतर बाग केली. त्याआधीचे दिवस आठवले तरी आईचा चेहरा उतरतो. बाबा गणिताचे शिक्षक. परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलं त्यांना 'भरारी पथक' म्हणायची, सगळं पथक मिळून एकच माणूस. घरी बसल्यावर पकडायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते दूधवाल्याचं माप पकडू लागले, आईची डाळ पाखडणं पकडू लागले. मग पट्टी सापडली आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. वाफे त्यांनी दोरी लावून आखले. रोज सकाळी ते रोपांची हजेरी घेत, आणि एखादं रोप मान टाकून उभं असलं की त्याला बाहेर काढल्याशिवाय राहत नसत.

वहिनीला चौथा महिना लागला, डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, गोळ्यांनी वहिनीला मळमळायला लागलं, आणि "पालेभाज्या खा भरपूर" हे वाक्य बाबांच्या कानावर पडलं. त्या क्षणापासून ते दहा वर्षांनी लहान झाले. रोज ताजी जुडी. स्वतः कापलेली, स्वतः मोजलेली. दादा जहाजावर नोकरीला, सहा महिने घराबाहेर. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे." फोन ठेवल्यावर बाबा उगाचच चष्मा पुसायचे.

आणि या सगळ्यात मी चमचा धरला.

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पेट्रोलमधलं शिसं काढून वर्षं झाली, पण माती विसरत नाही. शिवाय ब्रेकची धूळ, टायरची धूळ, जुन्या रंगांचे पोपडे. पालेभाजी बिचारी दोन्हीकडून मार खाते, वरून पानांवर धूळ बसते आणि खालून मुळं ओढून घेतात. वरचं धुऊन जातं. आतलं जात नाही. आणि शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं.

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. वहिनीने हात पोटावर ठेवला. आईने वाटी उचलली. बाबा पानावरून उठले.

"शास्त्रज्ञबाई," ते दारातून म्हणाले, "आरोप ठेवण्याआधी पुरावा लागतो. मी चिठ्ठी हातात आल्याशिवाय एकाही मुलाला उभं केलं नाही."

तेव्हा ठरलं की पालक तपासायचा.

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट ठरली की ती घरातल्यांना शेवटी कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे वकीलकाका दारात उभे.

"सर, जमीन कोणाची?"

"कुठली?"

"पालकाखालची. ती रस्ते विभागाची. तुम्ही तपासणीच्या अर्जावर पत्ता लिहिणार, म्हणजे अतिक्रमणाचा कबुलीजबाब स्वतःच्या सहीने देणार. माझा सल्ला विचाराल तर, पालक कुणाचा हे तुम्हाला माहीतच नाही." पालक या शब्दावर त्यांनी यानंतर जो विनोद केला, तो त्यांनी पुढच्या महिन्याभरात इतक्या वेळा केला की मी तो इथे करत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत वेगळं होतं. पालक मिठाच्या पाण्यात ठेवायचा, मग व्हिनेगरच्या, मग सोड्याच्या, मग उकळून पाणी टाकून द्यायचं. "मग त्यात उरतं काय?" वहिनीने विचारलं. "मनःशांती," काकू म्हणाल्या. "आणि आम्ही इतकी वर्षं सरांचा पालक खातोय, आम्हाला काही झालं का?" त्यांच्या मागे त्यांचे यजमान कपाळावरचा चष्मा घरभर शोधत होते. मी ते टिपून ठेवलं.

प्रयोगशाळेत वेगळीच अडचण. आमच्या मुख्य बाईंनी सांगितलं की कर्मचाऱ्याच्या घरचा नमुना कर्मचाऱ्याने तपासायचा नाही, नमुना दुसरं कुणी तपासणार. अर्ज मात्र मीच भरायचा. अर्जात 'उत्पादकाचे नाव', 'उत्पादनाचा प्रकार' आणि 'उत्पादनाचा उद्देश' असे रकाने होते. नाव मी लिहिलं. प्रकारात 'घरगुती बाग' लिहिलं. उद्देशाच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसले. नातवंड असं लिहिता येईना. शेवटी 'खाणे' लिहिलं.

नमुन्याच्या अटी साध्या होत्या: अर्धा किलो, ताजा, न धुतलेला. त्यातल्या तिसऱ्या अटीने आमच्या घरात जे झालं, ते पहिल्या दोन्हींनी मिळून झालं नसतं.

"न धुतलेली भाजी?" आई म्हणाली. "लोकांच्या ऑफिसात? मातीसकट?"

"आई, मातीच बघायची आहे त्यांना."

"आणि निवडायचीही नाही? पिवळी पानं, किडकी पानं, सगळं तसंच? अगं बये, ते म्हणतील, या घरात बाई आहे की नाही?"

"ते यंत्र आहे गं. यंत्र काही म्हणत नाही."

"यंत्र म्हणत नसेल. यंत्र चालवणारी म्हणेल."

म्हणून मी कडक बंदोबस्त केला. पहाटे स्वतः खाली जाऊन प्लास्टिकच्या कात्रीने पालक कापला. बाबा भिंतीशी हाताची घडी घालून उभे होते. पिशवी बंद केली, वर चिठ्ठी डकवली: 'नमुना. धुऊ नये. निवडू नये. हात लावू नये.' पिशवी फ्रिजमध्ये ठेवली आणि आंघोळीला गेले. आंघोळ आटोपशीर केली. तरीही, आज विचार करते तेव्हा वाटतं, पिशवी न्हाणीघरात नेली असती तर ही गोष्ट पुष्कळ छोटी झाली असती.

प्रयोगशाळेत नमुना स्वीकारणाऱ्या ताईंनी पिशवी उघडली आणि म्हणाल्या, "अगं, किती सुरेख पालक आहे! एक भोक नाही पानाला."

आमच्या पालकाला भोकं असतात. बाबा फवारत नाहीत, अळ्या हाताने वेचतात, आणि वेचून होईपर्यंत अळ्यांची न्याहारी झालेली असते. मी बाहेर येऊन आईला फोन लावला.

"तू निवडलास ना?"

"काय?"

"पालक. भोकाची पानं काढलीस. खरं सांग."

"मी हातसुद्धा लावला नाही! तुझ्या त्या पाटीसमोरून दूध काढताना मी कोपर अंगाशी धरून होते. लेकीने आईला चोर म्हणायचं म्हणजे काय राहिलं आता?"

आई दोन दिवस माझ्याशी फक्त वहिनीमार्फत बोलली. "तिला विचार, भात वाढू का?" वहिनी आमच्या मध्येच बसलेली, ती मला विचारायची, आणि माझं उत्तर आईला सांगायची. मी मनाशी ठरवलं की आईने पानं निवडलीच आहेत, पण धुतली नाहीत, आणि नमुना थोडा पक्षपाती झाला तरी निकाल निघेल. शास्त्रज्ञाने असं मनाशी काही ठरवू नये. पुस्तकात हे पहिल्या पानावर असतं.

निकाल आला. मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. आमचा आकडा ०.९.

तो कागद हातात घेऊन मी घरी कशी आले, ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की सिग्नलला उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रकचा मला वैयक्तिक राग आला. वहिनी किती महिने हे खाते आहे याचा हिशोब मी करायला घ्यायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची. घरी कागद टेबलावर ठेवला. वहिनीने वाचला आणि ती उठून खोलीत गेली. आई तिच्या मागे गेली. बाबांनी कागद उचलला, चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"नक्की हाच नमुना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"क्रमांक जुळवलास? अदलाबदल झाली नसेल ना तुमच्याकडे?"

"आमच्याकडे अदलाबदल होत नाही."

"तुमच्याकडे नाही होत," बाबा म्हणाले, आणि खुर्चीत बसले. पांढरे पडले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नापास मुलाच्या खांद्यावर कसा हात ठेवायचा हे मला त्यांनीच शिकवायला हवं होतं, पण त्यांनी तो कधी ठेवलाच नव्हता.

बाबांची बाग बंद. पण पालेभाजी तर हवीच. मी पुढाकार घेतला. कोपऱ्यावर नवीन झालेलं भाजीचं एक दुकान होतं, काचेच्या दाराचं, आत गार हवा आणि मंद संगीत. भाज्यांना झोप लागावी अशी व्यवस्था. प्रत्येक जुडीला दोऱ्याने बांधलेलं कार्ड: 'विषमुक्त. प्रेमाने वाढवलेला.' भाव असा की जुडी घरी आणताना रस्ता ओलांडायची भीती वाटावी. मी रोजची जुडी ठरवून टाकली. पहिल्याच संध्याकाळी आईने सूप केलं, वहिनीने अर्धी वाटी घेतली, आणि बाबांच्या कोपराचा धक्का लागून उरलेली वाटी सांडली.

"सॉरी," बाबा म्हणाले. ते आयुष्यात हा शब्द म्हणालेले नव्हते. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली जुडी गायब. आईने घर उलथंपालथं केलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी जेवताना बिटावर भाषण दिलं. बिट किती उत्तम, रंग कसा, रक्त कसं वाढतं, पालक म्हणजे नुसता बडेजाव. मग परत जुडी गायब. या वेळी ती वकीलकाका घेऊन आले, दोन बोटांत धरून.

"ही आमच्या कचऱ्याच्या डब्यात सापडली. कार्डासकट. सरांना सकाळी इकडेतिकडे बघून टाकताना मी पाहिलं. मी तक्रार करत नाही, फक्त नोंद करून घ्या." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बागेचा धक्का बसलाय हो त्यांना. दुसऱ्याचा पालक डोळ्यांसमोर बघवत नाही. माणसाचं असं होतं."

काकूही येऊन गेल्या. त्यांच्या एका दिरांचं असंच झालं होतं, पण त्यांचं पोपटावरून. त्याच सुमारास बाबांच्या स्कूटरच्या डिकीतून भयंकर वास यायला लागला. आई म्हणाली, उंदीर मेलाय. बाबा म्हणाले, मी बघतो, आणि किल्ली खिशात घालून फिरत राहिले.

मला मात्र वेगळीच शंका आली, आणि त्या शंकेने माझी झोप उडाली. मी पुस्तक काढून शिशाच्या विषबाधेची लक्षणं वाचली. चिडचिड. विसराळूपणा. वागण्यात बदल. सगळ्यात जास्त पालक कुणी खाल्ला? बाबांनीच, बागेत उभ्या उभ्या, कच्चा. मी त्यांना जवळजवळ ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आई सोबत आली.

"चिडचिड वाढली आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वाढायला जागा कुठे होती?" आई म्हणाली.

"हट्टीपणा?"

"तो लग्नाआधीचा आहे. माझ्याकडे आला तेव्हाच असा होता."

"काही लपवल्यासारखं वागतात का?"

यावर बाबा इतक्या जोरात खोकले की डॉक्टरीणबाईंनी छातीसुद्धा तपासली. शिशासाठी रक्त काढून घेतलं. सुई टोचताना बाबा माझ्याकडे बघत होते, माफी मागायची असलेला माणूस बघतो तसे. मला वाटलं, हेही लक्षणच.

रक्ताचा निकाल चांगला आला. घाबरण्यासारखं काही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट काळजी वाढली. बाबांना शिसं बाधलेलं नाही, मग झालंय काय? आईने यावर स्वतःचा उपाय काढला. जुडी आली की ती कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या मागे, कुलपात. "आता बघते," ती म्हणाली, "सुनेच्या पोटात पालक कसा जात नाही ते."

त्या संध्याकाळी दादा जहाजावरून फोनवर होता. फोन मिठाच्या बाटलीला टेकवून उभा केला होता, त्यात दादाचं अर्धं कपाळ आणि बराचसा पंखा दिसत होता. आईने वहिनीसमोर वाटी ठेवली. बाबांनी वाटीकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग आईच्या कमरेच्या किल्लीकडे. त्यांना कळलं की या वेळी कोपर चालणार नाही. आई वाटीच्या आणि त्यांच्या मधोमध बसली होती.

वहिनीने चमचा भरला. उचलला.

बाबा उभे राहिले.

"पेन खाली!"

घर हादरलं. वहिनीने चमचा टाकला. आईने पळी टाकली. फोनमध्ये दादाने हात वर केले. तो बाबांच्याच शाळेत शिकलेला.

"तो पालक खाऊ नकोस, बाळ," बाबा वहिनीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू तपासलास तो माझा पालक नव्हता. या दुकानाचा होता."

वहिनीने वाटी लांब सरकवली. बाबा बोलत राहिले.

"तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी पिशवी बदलली. आदल्या संध्याकाळीच जुडी आणून डिकीत ठेवली होती. विषमुक्त लिहिलं होतं तिच्यावर. म्हटलं, ही पहिल्या श्रेणीत येणार." त्यांनी घसा खाकरला. "मी डमी बसवला."

आईला सगळ्यात आधी अर्थ लागला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आणि तो डमी नापास झाला?"

फोनमधलं कपाळ हलायला लागलं. दादा हसत होता. वहिनीने ओठ दाबून धरले. मी मात्र हसू शकले नाही. माझ्या डोक्यात भराभर सगळं उलटं लागत होतं. भोकं नसलेली पानं. आईवर घेतलेला आळ. डिकीतला वास, म्हणजे आमचा खरा नमुना. आणि मी, स्वतःच्या हुशारीने, ०.९चा पालक शोधून, जास्तीचे पैसे देऊन, रोज घरी आणत होते.

"पण बाबा," माझा आवाज चढला, "नमुना पास झाला असता तर वहिनीने तुमचा पालक खाल्ला असता! न तपासलेला! त्याचं काय?"

"खाऊ दिला नसता," बाबा म्हणाले. "रोज दुकानातली जुडी आणणार होतो. कार्ड काढून. खाली पाच मिनिटं उभा राहून वर येणार होतो, माझीच म्हणून." ते खाली बसले. "एवढंच हवं होतं की ती मी आणलेली असावी."

आता कुणीच हसलं नाही. दादासुद्धा.

"मग निकाल आला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"अगं, आयुष्यभर मुलांच्या बाह्या उलट्या करून बघितल्या मी. कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, गुपचूप फेकत राहू, कंटाळून आणायची बंद करशील. तू कंटाळत नाहीस. हे माझ्याकडून आलंय तुझ्यात."

वहिनी उठली आणि बाबांचा हात धरला. "मी किती खाल्ला, बाबा, दुकानातला?"

"पहिल्या दिवशीची अर्धी वाटी. बाकी एक चमचा जाऊ दिला नाही."

अर्ध्या वाटीने काही होत नाही, रोजच्या सवयीने होतं, हे मी तिला सांगितलं, आणि स्वतःलाही दोनतीनदा सांगितलं. पण त्याआधीचे महिने होतेच, बाबांच्या बागेतले. दुसऱ्या दिवशी वहिनीचं रक्त तपासायला दिलं; ०.९ आला त्याच दिवशी द्यायला हवं होतं, पण बाबांच्या भानगडीत ते राहूनच गेलं होतं. निकाल येईपर्यंत घरात कुणी कुणाशी भांडलं नाही, यावरून काय वातावरण होतं ते समजा. निकाल ठीक आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढे सांभाळा. आईने दवाखान्यातच डोळे पुसले आणि लगेच मला म्हणाली, "माझ्यावर आळ घेतलास त्याचं काय?" म्हणजे ती परत थेट बोलायला लागली.

दुकानात मी तो कागद घेऊन गेले. व्यवस्थापकाने तो नम्रपणे वाचला आणि नम्रपणे परत दिला. "मॅडम, यावर 'घरगुती बाग' लिहिलंय. उत्पादक म्हणून तुमच्या वडिलांचं नाव आहे. आमचा काय संबंध?" वकीलकाकांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बरोबर आहे. कायद्याच्या दृष्टीने तो पालक सरांचाच." त्यांना इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा बाबांनी फेरपरीक्षा मागितली. दोन नमुने: एक दुकानाचा, पावतीसकट, आणि एक बागेचा. या वेळी सगळं कडक. मी कापलं, आईने पिशवी धरली, वकीलकाका निरीक्षक, काकू वरून गॅलरीतून पाहत होत्या. पिशवीवर सगळ्यांच्या सह्या. बाबा मुद्दाम भिंतीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. "उमेदवाराने पेपर तपासणाऱ्याच्या जवळपास फिरकू नये," ते म्हणाले. आईने या वेळी मातीबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त पिशवी देताना बाहेर डोकावणारं एक पिवळं पान हळूच आत ढकललं, काढून टाकलं नाही.

दुकानाचा आकडा पुन्हा जवळपास तोच आला. पाठपुरावा केल्यावर कळलं की त्यांचा माल मोठ्या रस्त्यालगतच्या शेतातून येतो, आणि प्रेमाने वाढवण्यात रस्ता किती लांब असावा हे कुणी सांगितलेलं नव्हतं. अधिकृत कागद हातात आल्यावर आठवड्यात कार्डं गेली, मग पालक गेला.

बागेचा आकडा ०.३४.

मी तो कागद घेऊन खाली गेले. बाबा बागेत पाठमोरे बसले होते, अळ्या वेचत. सिग्नलला एक ट्रक घुरघुरत होता. येताना मी सगळा वेळ एकच विचार करत होते, आणि प्रशिक्षित माणसाने जो विचार करू नये तो केला होता.

"बाबा, ०.३४. मर्यादा ०.३. पण एका दशांश स्थळापर्यंत घेतलं तर ०.३च होतं. म्हणजे काठावर पास."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे गेला महिनाभर हरवलेलं होतं.

"ग्रेस मी कधी दिले नाहीत," ते म्हणाले. "घेणारही नाही."

त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहिलं रोप मुळासकट उपटलं. मी दुसरं उपटलं. अंधार पडायच्या आत वाफे मोकळे झाले. त्या पट्टीवर आता कण्हेर आहे. बाबा म्हणतात, ते विषारी असल्याचं सगळ्यांना माहीत आहे, निदान प्रामाणिक झाड आहे.

पालक गच्चीवर गेला. मोठे टब, विकत आणलेली माती, आणि ती टबात पडण्याआधी तिचीही परीक्षा. गच्ची वापरायची म्हणून इमारतीच्या सभेत ठराव मांडावा लागला, वकीलकाकांनी त्यात अकरा अटी घातल्या, त्या वेगळ्या लिहाव्या लागतील. वहिनीला आठवा लागला तेव्हा पहिली कापणी झाली. नमुना बाबांनी स्वतः नेऊन दिला, आणि निकालाच्या दिवशी ते आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर, पहिलीच्या मुलाचे वडील उभे राहतात तसे पाण्याची बाटली घेऊन उभे होते. मी खिडकीतून आकडा बोटांनी दाखवला. त्यांना काही कळलं नाही. मग नुसते दोन्ही हात वर केले. ते कळलं.

त्या संध्याकाळी आईने सूप केलं. फोन मिठाच्या बाटलीला टेकला. वहिनीने चमचा भरला, उचलला, आणि तोंडाशी नेता नेता सवयीने थांबली. आईही थांबली. फोनमधलं कपाळही थांबलं. सगळे बाबांकडे बघू लागले.

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. चष्मा सारखा केला.

"लिहायला सुरुवात करा," ते म्हणाले.